इंटरनेट सपोर्टच्या फोनवर बसताय? या चुका टाळा

सिंधुदुर्गात देवापुढे गाऱ्हाणं घालतात, तेव्हा मध्ये कोणी तोंड घालत नाही. एकेक वाक्य संपलं की जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात आणि गाऱ्हाणं पुढे सरकतं. लहानपणापासून हे ऐकत आलो, तरी कुडाळच्या बाजूला एका फायबर इंटरनेटच्या ऑफिसात फोनवर बसायला लागलो तेव्हा पहिलं वर्षभर मी लोकांची गाऱ्हाणी अर्ध्यावर तोडत होतो. ‘अवघड ग्राहक’ म्हणून आम्ही ज्यांची नावं लक्षात ठेवली होती, त्यातले बरेचसे आमच्याच पहिल्या दोन वाक्यांनी अवघड झाले होते.

गाऱ्हाणं मध्येच तोडणं

‘ओ, कालपासून नेट नाय हा, माझ्या झिलाची परीक्षा आसा...’ असं कोणी सांगायला लागलं की मी म्हणायचो, ‘ग्राहक क्रमांक सांगा.’ माणूस तिथेच पेटायचा. त्याला तो क्रमांक पाठ नसतो, बिल कपाटात असतं आणि आपलं दुखणं ऐकून घेतलं नाही एवढंच त्याला कळतं. शिवाय बहुतेक वेळा फोन नोंदवलेल्या नंबरावरूनच आलेला असतो, खातं त्यावरून सापडतं.

आता मी बोलू देतो. अधूनमधून ‘हो काका’, ‘बरोबर आहे’ म्हणतो आणि तोवर खातं उघडून ठेवतो. कितीही रागावलेला माणूस असो, दीड-दोन मिनिटांत त्याचं बोलणं संपतं. मग त्याचंच म्हणणं एका वाक्यात परत सांगायचं: ‘म्हणजे काल सकाळी दहापासून बंद आहे आणि परीक्षा आज दोन वाजता आहे, बरोबर?’ या वाक्यानंतर आवाज खाली आलेला मी शेकडो वेळा ऐकला आहे. ‘तुम्ही आधी शांत व्हा’ हे वाक्य मात्र कधीच वापरू नका. त्याने आजवर कोणी शांत झालेलं मी पाहिलं नाही.

‘बंद करून चालू करा’ ही सुरुवात

ग्राहकाने ते तीनदा केलेलं असतं. म्हणून आधी विचारा, ‘तुम्ही काय काय करून बघितलंत?’ त्याने केलेलं मोजलं गेलं की पुढचं तो मनापासून करतो. ‘वायर नीट लावली आहे का?’ असंही विचारू नका. उत्तर ‘हो’च येतं, कारण ‘नाही’ म्हणणं कमीपणाचं वाटतं. त्याऐवजी ‘अडाप्टर काढून दुसऱ्या सॉकेटात लावून बघूया का?’ म्हणा. पिन सैल असेल तर ती आपोआप बसते आणि कोणाची चूक निघत नाही.

पण एक वायर ग्राहकाला काढायला सांगू नका: हिरव्या टोकाची पिवळी. ती फायबरची, तिच्यातून नेट प्रकाशाच्या रूपात येतं. तिच्या टोकावर धूळ बसली की प्रकाश अडतो, ती जोरात वाकली तरी तेच होतं. शिवाय आतला लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे कोणी कुतूहलाने टोकात डोकावून पाहील तर ते धोक्याचं आहे.

आपली भाषा त्यांच्यावर लादणं

‘पॉन ब्लिंक होतंय का?’ हा प्रश्न मी एका आजींना विचारला होता. पॉन म्हणजे राउटरच्या पेटीवरचा, आमच्याशी जोडणी झाल्याचं दाखवणारा दिवा. त्या गप्पच झाल्या. मग त्याच म्हणाल्या, ‘लाल दिवो पेटलो हा, ता चालात?’ मला हवं ते सगळं त्यांनी सांगितलं होतं. लाल दिवा म्हणजे एलओएस, म्हणजे वायरीतून प्रकाशच घरापर्यंत येत नाही. अशा वेळी राउटर पन्नासदा चालू-बंद करायला लावणं हा त्या माणसाचा छळ आहे. सरळ लाइनमनचं काम नोंदवायचं. एकही दिवा नसेल तर वीज किंवा अडाप्टर बघायचा. पॉनचा हिरवा दिवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर रिचार्ज संपलाय का, लॉगिन अडकलंय का, हे आपल्याच पडद्यावर तपासायचं.

पडदा फार काही सांगतो, तो ग्राहकाशी बोलण्याआधी वाचत चला. ग्राहकाच्या घरातल्या बऱ्याच पेट्या वीज जाता जाता शेवटचा संदेश पाठवतात, त्यामुळे घरातले दिवे गेलेत की वाटेत वायर तुटली हे ऑफिसातून समजतं. येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २० डीबीएमच्या आसपास असलेली उणे २७ कडे घसरली, तर वायर कुठेतरी वाकलीय किंवा जोडात पाणी शिरलंय. हे दिसत असताना ‘आमच्याकडून सगळं ठीक आहे’ म्हणणं हे खोटं आहे, आणि त्याने चिडलेल्या माणसाचा राग रास्त आहे.

बरं वाटावं म्हणून दिलेला शब्द

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. विजेचे खांब आडवे झाले होते, त्यांच्यावरच आमच्या वायरी होत्या. मालवणकडच्या एका होमस्टेवाल्या दादांना मी सांगून बसलो, ‘संध्याकाळपर्यंत होईल.’ खांब उभे राहिल्याशिवाय वायर ओढता येणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. फक्त तो फोन संपवायचा होता. पुढचे कितीतरी दिवस ते रोज फोन करायचे आणि दर वेळी माझा तोच शब्द मला ऐकवायचे. त्यांचं बरोबर होतं.

आता मी वेळ सांगत नाही, काम कशावर अडलंय ते सांगतो आणि पुन्हा फोन कधी करीन ते सांगतो. ‘संध्याकाळी सहाला मी कळवतो, काम झालं नसलं तरी.’ आणि सहाला फोन करायचाच.

‘स्पीड नाही’ म्हटल्यावर वाद घालणं

चवथीला चाकरमानी आले की हे फोन वाढतात. राउटर माजघरात, माणसं पडवीत नि खळ्यात, मधे चिऱ्याच्या जाड भिंती. पाच गिगाहर्ट्झचं वाय-फाय त्या भिंती ओलांडताना गळपटतं, २.४ चं थोडं लांब जातं. मुंबईहून आलेला मुलगा ‘शंभरचा प्लॅन आणि डाउनलोड बाराच’ म्हणून भांडतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. प्लॅन मेगाबिटमध्ये, फोनवरचा आकडा मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट. शंभर भागिले आठ म्हणजे साडेबारा. हे शिकवल्यासारखं न सांगता, ‘राउटरच्या शेजारी उभं राहून एकदा मोजूया का?’ असं म्हणावं. तिथे नेट नीट चाललं तर दोष वाय-फायचा, नाही तर आपला, हे त्याला स्वतःलाच दिसतं.

संशय घेणाऱ्याला अवघड समजणं

नाव-पत्ता सांगायला नकार देणारे, ‘तू खराच ऑफिसातला कशावरून?’ विचारणारे लोक मला आवडायला लागलेत. फोनवरच्या फसवणुकीच्या दिवसांत ते योग्य तेच करत आहेत. त्यांना सांगावं, बिलावरच्या नंबरावर तुम्हीच फोन करा. ओटीपी मागू नये, मोबाइलवर कुठलं अ‍ॅप टाकायला लावू नये. कोणी आधीच फसलं असेल तर १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर लगेच द्यावा.

शिव्या

आपल्याकडे काही जणांच्या तोंडी शिवी सहज येते, ती नेटला असते, आपल्याला नसते. ती सोडून द्यावी. पण आईबहिणीवरून थेट अंगावर येणारी शिवी, धमकी, किंवा फोनवरच्या मुलीला उद्देशून केलेली घाण बडबड सहन करायची नाही. दोनदा स्पष्ट सांगायचं, तिसऱ्यांदा ‘मी फोन ठेवतोय, तुमची तक्रार नोंदवलेली आहे’ म्हणून ठेवायचा आणि वरिष्ठांना कळवायचं. आमच्याकडे एक मुलगी महिनाभर गप्प राहून हे ऐकत होती, कारण ‘ग्राहकाला दुखवायचं नाही’ असं आम्हीच तिला शिकवलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

काहीच न लिहिणं

तक्रार क्रमांक द्यायचाच, पण त्याखाली दोन ओळीही लिहाव्यात. दुसऱ्या दिवशी वेगळ्या माणसाने फोन उचलला आणि सगळं गाऱ्हाणं पहिल्यापासून सांगावं लागलं, तर कोणीही भडकेल. माझ्या त्या लाल दिव्याच्या आजींच्या खात्यावर लिहिलंय: ‘पेटी देवघराशेजारच्या कपाटावर. कमी ऐकू येतं, सावकाश बोला. झील पुण्याला, रात्री आठला व्हिडिओ कॉल करतो, त्याआधी काम करा.’