एझ: समुद्रापासून शिखरापर्यंत पायी

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस आणि मोनाको यांच्या मधे एझ आहे. पण एझ नावाच्या जागा दोन. रेल्वे स्टेशन आहे एझ-स्यूर-मेरला, म्हणजे अगदी समुद्राच्या कडेला. जुने दगडी गाव आहे वर, सुळक्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 430 मीटर उंच. नकाशात दोन्ही एकमेकांना चिकटलेली दिसतात. त्यामुळे अनेक जण "स्टेशनपासून दहा मिनिटांत गाव" असे धरून सॅन्डल घालून, अर्धी बाटली पाणी घेऊन उतरतात आणि भर दुपारी उघड्या चढणीवर अडकतात. वर जायचे कसे हे आधी ठरवा. दिवसाचे बाकी गणित त्यावरच बसते.

पर्याय दोन. पहिला बसचा. नीसमधल्या वोबाँ थांब्यावरून 82 नंबरची बस म्वायेन कॉर्निश रस्त्याने सुमारे अर्ध्या तासात थेट गावाच्या पायथ्याशी सोडते. ट्रामची 1 नंबरची लाइन वोबाँला जाते. बसमध्ये उजव्या बाजूची खिडकी धरा, समुद्र त्याच बाजूला राहतो. बस लहान आणि गर्दी मोठी, म्हणून मधल्या थांब्यावर वाट बघू नका, सुटण्याच्या जागेवरूनच चढा. परतीची शेवटची बस किती वाजता आहे, ते उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या तक्त्यात बघून ठेवा. रविवारचे आणि सुट्टीचे वेळापत्रक वेगळे असते.

दुसरा पर्याय पायवाटेचा, आणि पाय धड असतील तर हाच घ्यावा. नीस-व्हिल स्टेशनवरून मोनाको, मांतों किंवा व्हेंतिमिलियाकडे जाणारी लोकल गाडी, म्हणजे टेर, पकडा. लांब पल्ल्याच्या गाड्या एझला थांबत नाहीत. साधारण पंधरा-वीस मिनिटांत एझ-स्यूर-मेर येते. स्टेशनबाहेरचा किनारी रस्ता ओलांडला की जवळच वाटेची पाटी दिसते: नीत्शेची वाट. तत्त्वज्ञ नीत्शे 1880च्या दशकात नीसमध्ये हिवाळे काढायचा. आपल्या 'जरथुस्त्र' या पुस्तकाच्या तिसऱ्या भागातला महत्त्वाचा मजकूर स्टेशनवरून एझला चढतानाच सुचला, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे.

चढण जवळपास 400 मीटरची. न थांबता तास, बसत-उठत गेलात तर दीड तास. सुरुवातीला घरांच्या कुंपणांमधून सिमेंटच्या पायऱ्या, मग चुनखडीचे ओबडधोबड दगड आणि सुटी खडी. खालच्या टप्प्यात सावली फार थोडी. मधे वाट घळीच्या कडेने आत वळते, तिथे पाइन आणि ओकची झाडे लागतात, आणि शेवटचा टप्पा सर्वांत खडा. आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्याला उंची जड जाणार नाही, तो चढ याहून मोठाच आहे. पण तिथे पिठलं-भाकरीचे, ताकाचे टप्पे लागतात. इथे वाटेत पाणीही मिळत नाही. माणशी दीड लिटर पाणी, टोपी आणि खाचदार तळव्याचे बूट एवढे हवेच. जून ते सप्टेंबर सकाळी आठच्या आत चढायला लागा. पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी वाट टाळा: चुनखडी ओली झाली की काचेसारखी गुळगुळीत होते, आणि वरून दगड सुटण्याचा धोकाही असतो. दरड किंवा वणव्याच्या धोक्यामुळे वाट बंद केली असेल तर खाली फलक लावलेला असतो. तो ओलांडून जाऊ नका.

गुडघे कुरकुरत असतील तर बसने वर आणि वाटेने खाली, असा विचार अनेक जण करतात. तो उलटा आहे. सुट्या खडीवर उतरताना गुडघ्यांवर आणि घोट्यांवर जास्त ताण येतो, घसरण्याचे प्रकारही उतरतानाच होतात. अशांनी जाता-येता बसच घ्यावी. चढणीचा फायदा वेगळाच आहे: इतक्या अवघड सुळक्यावर लोक राहायला का गेले, हे पायांना कळते. समुद्रावरून येणारा हल्लेखोर वर पोचेपर्यंत दमलेला असायचा आणि सगळ्या गावाने त्याला केव्हाच पाहिलेले असायचे.

गावात शिरायचे ते पोतेर्न नावाच्या चौदाव्या शतकातल्या दरवाजातून. दरवाजा दुहेरी आहे. पहिल्या कमानीतून आत आलेल्याला सरळ धावता येत नाही, वळावे लागते, आणि वरून मारा होतो. गोमुखी दरवाजे पाहिलेल्या मराठी माणसाला युक्ती लगेच ओळखू येईल. तरीही 1543 मध्ये फ्रेंच आणि तुर्की आरमारप्रमुख बार्बारोसाच्या फौजांनी गाव घेतलेच. पुढे 1706 मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या हुकमाने इथला किल्ला आणि तटबंदी पाडण्यात आली. म्हणून शिखरावर आज किल्ला नाही, भिंतींचे अवशेष आहेत.

आत वाहने नाहीत, गल्ल्या अरुंद आणि पायऱ्यांच्या. बाबागाडी आणू नका, बाळाला झोळीत घ्या. दुकानांपाशी रेंगाळण्याआधी थेट 'जार्दँ एग्झोतिक'च्या पाट्या धरून शिखरावरच्या बागेत जा, कारण दहा-साडेदहानंतर सहलींचे गट येतात आणि बागेतल्या अरुंद वाटा तुंबतात. तिकीट लागते. 1949 साली, किल्ल्याच्या अवशेषांवर ही निवडुंगांची बाग उभी राहिली. दक्षिणेकडचा उतार, तापणारा खडक, झटकन निचरा आणि क्वचितच पडणारे हिमतुषार, यामुळे वाळवंटी झाडे इथे उघड्यावर जगतात. घायपात आणि फड्या निवडुंग तर देशावरच्या बांधांवरचेच सोबती, मूळचे दोन्हीकडे परके, अमेरिकेतून आलेले. घायपात आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग मरतो, तेव्हा उंच दांडा दिसला तर त्याचा शेवटचा मोसम चालू आहे असे समजा. फड्या निवडुंगाला हात लावू नका. त्याची केसाएवढी कुसे टोचली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटा.

वरून नैऋत्येला काप फेराची जीभ समुद्रात गेलेली दिसते. तिचे फोटो सकाळीच घ्या, सूर्य पाठीशी असतो. दुपारनंतर पाणी नुसते चकाकते. हिवाळ्यात, पाऊस पडून हवा धुतली गेली की पहाटे क्षितिजावर कोर्सिका बेटाचे डोंगरही दिसू शकतात. उतरताना पिवळसर दर्शनी भागाचे अठराव्या शतकातले चर्च बघा. बाहेरून साधे, आतून नक्षीदार. प्रवचनाच्या व्यासपीठातून क्रूस धरलेला लाकडी हात बाहेर आलेला आहे, तो चुकवू नका.

गावातली उपाहारगृहे महाग आहेत. जेवण नीसच्या जुन्या पेठेत ठेवा, तिथे सोक्का मिळतो: हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेलाचे भट्टीत भाजलेले मोठे धिरडे, गरम असतानाच मिरपूड घालून खायचे. शाकाहारी लोकांनी पिसालादिएर या भाजलेल्या कांद्याच्या पोळीपासून मात्र जपावे. नुसत्या कांद्याची दिसली तरी तिच्यात खारवलेली मासळी असते. मागताना "साँ आँश्वा" (ती मासळी नको) म्हणा, पण आधीच भाजलेली असेल तर उपयोग नाही.

दिवस उरला असेल तर गावावरच्या ग्रांद कॉर्निश रस्त्याकडे चढून रवेर किल्ल्यापर्यंत जा, तिथून एझ खाली दिसते. किंवा ला त्युर्बी गावात रोमन सम्राट ऑगस्टसने आल्प्समधल्या जमातींवरच्या विजयासाठी उभारलेले इसवी सनपूर्व 6 च्या सुमाराचे स्मारक बघा. आणि पोहायचेच असेल तर खाली एझ-स्यूर-मेरचा किनारा आहे. वाळू नाही, गोटे आहेत, आणि चार पावलांतच पाणी खोल होते. पाण्यातले रबरी बूट घाला आणि लहान मुलांचा हात सोडू नका.