या तीन बाया कोण?

दारव्हा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. लग्नाआधीचे दोन पेपर माहेरच्या आडनावाने निघाले, नंतरचे वानखडे नावाने. त्यातही एका जर्नलने स्पेलिंग डब्ल्यूने छापलं, दुसऱ्याने व्हीने. प्रमोशनची फाइल लावली तेव्हा छाननीला बसलेले सर म्हणाले, "मॅडम, या तीन बाया कोण?" तिन्ही मीच.

पीएचडीला नुकतंच लागला असाल तर पहिला पेपर पाठवायच्या आधी ऑर्किड (ORCID) काढा, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख-नंबर. २०१२ पासून मिळणारा हा १६ अंकांचा नंबर फुकट आहे. आडनाव बदलो, कॉलेज बदलो, नंबर तोच राहतो, आणि जुनी नावं व वेगळी स्पेलिंगं त्याच खात्यात टाकता येतात.

मी माझा काढला बस स्टँडसमोरच्या ऑनलाइन सेंटरवर. सातबारा, पीक विमा सगळं तिथंच होतं, मग हेही. सेंटरवरच्या पोराने सवयीने स्वतःचाच ईमेल टाकला! वर्षभराने पासवर्ड विसरले, तर रिसेटची लिंक त्याच्या मोबाइलवर आणि तो पुण्याला कंपनीत. वैतागून दुसरा नंबर काढला, म्हणजे पुन्हा दोन बाया. शेवटी त्याला फोन करून जुन्या खात्यात शिरले आणि ते नव्यात विलीन केलं. जुना नंबर आता नव्याकडे नेतो. पण जुन्या खात्यातले पेपर आपोआप येत नाहीत, ते मी परत भरले. तेव्हा ईमेल स्वतःचाच द्या, आणि कॉलेजचा दिलात तर सोबत खासगीही जोडा.

पेपर पाठवताना नंबर नुसता टाइप करू नका, ऑर्किडमध्ये लॉगिन करून जोडा. डीओआय (पेपरचा कायमचा ओळख-नंबर) असलेला पेपर मग तुम्ही एकदा परवानगी दिली की क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडून स्वतःहून खात्यात येऊ शकतो. डीओआय नसेल तर हाताने भरा. मराठी लेखाचं शीर्षक देवनागरीत चालतं. हाताने कोणीही काहीही भरू शकतो हे खरं, म्हणून नोंद कुणी केली ते तिथंच खाली दिसतं. पेपर चांगला की टुकार, हे मात्र ऑर्किड सांगत नाही.

एक राहिलंच. माझ्या नंबरात शेवटी एक्स आहे. तो तपासणीचा अंक, एक्स म्हणजे दहा. आमच्या ऑफिसातल्या भाऊंनी "आकड्यात अक्षर कुठं असते का, मॅडम?" म्हणत फॉर्मवर तिथं शून्य टाकलं, आणि फॉर्म परत आला.