मुसळीच्या सऱ्यांत पाणी आहे? आजच चर काढा

पोळ्याच्या आसपास पावसानं जोर धरला की सफेद मुसळीचं, म्हणजे औषधी मुळीसाठी घेतल्या जाणाऱ्या या पिकाचं शेत वरून हिरवंगार दिसतं आणि तिथंच फसगत होते. खाली मुळी सडायला लागलेली असते, पानं मात्र बरेच दिवस पत्ता लागू देत नाहीत. विदर्भातल्या अकोट-अंजनगाव पट्ट्यातल्या भारी काळ्या जमिनीत हातचे गेलेले बहुतेक प्लॉट मी पाहिले ते एकाच कारणानं: खालच्या बांधाला तोंड पाडलेलं नव्हतं. गादीवाफे फूटभर उंच, सऱ्या सुतात, पण पाणी बाहेर जाणार कुठून?

म्हणून हे वाचून झालं की फावडं घ्या. सर्वांत सखल कोपरा शोधा, सरीच्या तळापेक्षा वीतभर खोल चर काढा आणि बांध फोडा. पाऊस थांबल्यावर चार-पाच तासांनीही सरीत पाणी दिसलं तर चर कमी पडतोय असं समजा. हा माझा अंदाज आहे, पण काळ्या जमिनीत तो सहसा चुकत नाही.

सखल जागेतलं एक झाड उपटून पाहा. निरोगी मुळी टणक असते, नखानं मोडली की कट्कन तुटते. सडकी मुळी चिमटीत धरली की साल निसटते, आत नुसता दोरा उरतो आणि आंबूस वास येतो. दसऱ्याच्या आधीच पट्ट्यापट्ट्यानं पानं पिवळी पडली तर त्याला पक्वता समजू नका.

पाणी काढल्यावरच औषधाचं बघा. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक 2.5 ग्रॅम प्रति लिटर, फक्त सडलेल्या पट्ट्यात आणि त्याच्या कडेला आळवणी (मुळाशी ओतणं). ट्रायकोडर्मा (ही स्वतःच एक जिवंत, उपयोगी बुरशी) द्यायचा तर 1 किलो 100 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून, पण कॉपरनंतर किमान पंधरा दिवसांनी. दोन्ही एकत्र केले तर पैसे पाण्यात. दुकानदार याच दिवसांत ‘मुळी फुगवणारं’ टॉनिक गळ्यात मारतो. साचलेल्या पाण्यात मुळीला श्वासच घेता येत नाही, टॉनिक काय करणार?

बाकीची कामं:
- तण हातानं उपटा, तणनाशक नको
- उघड्या मुळ्यांना मातीची भर
- हुमणीच्या अळ्या दिसतील तशा वेचा
- उशिरा युरिया नको

या पिकाचा पैसा मुळीतच आहे. आयुर्वेदात ती बल्य (ताकद देणारी) आणि वाजीकर (कामशक्ती वाढवणारी) मानतात. अशक्तपणात, बाळंतिणीला दूध यावं म्हणून तिचं चूर्ण दुधातून देण्याची जुनी रीत आहे. (हिच्याच जातकुळीची कोवळी पानं कोकणात फोडशी म्हणून भाजीत जातात. काळी मुसळी मात्र वेगळ्याच कुळातली.) जी मुळी कुणाच्या तरी पोटात जाणार तिच्यावर दर आठवड्याला फवारे मारणं मला तरी पटत नाही. शिवाय व्यापारी वाळलेली कांडी मोडून बघतो. आत डाग दिसला की भाव पाडतो.

पानं गळाली म्हणून लगेच खोदायला धावू नका. साल पांढरी आहे तोवर मुळी कच्ची. ती गडद तपकिरी होऊ द्या. बेणं मात्र निरोगी पट्ट्यातूनच वेगळं काढा, न सोलता, डोळ्याच्या चकतीसकट (मुळ्या जिथं जुळतात तो, कोंब फुटणारा भाग). पाणी साचलेल्या जागेतली मुळी वरून कितीही धडधाकट दिसली तरी बेण्यात घेऊ नका, आणि ‘खरेदीची हमी’ देत महागडं बेणं विकणाऱ्याकडून तर अजिबात नको.