वॉरब्रेकर आधी वाचा, कॉस्मेअरचं टेन्शन नंतर घ्या

ब्रँडन सँडरसन हा फँटसी लेखक वाचायचाय पण सुरुवात कुठून करू, हे मला अधूनमधून कुणीतरी विचारतंच, आणि विचारणारा बहुतेक वेळा नेटवरचा तो बाणाबाणांचा भलामोठा तक्ता बघून आधीच गार पडलेला असतो. हे आधी, मग ते, ते झालं नसेल तर याला हात लावू नका, मध्ये ही छोटी कादंबरी. अरे पुस्तक वाचायचंय की परीक्षेला बसायचंय!

माझं उत्तर ठरलेलं आहे, वॉरब्रेकर उचला. २००९ चं आहे, एका पुस्तकात सुरू होऊन त्याच पुस्तकात संपतं, सहाशेच्या आसपास पानं आहेत, आणि मुख्य म्हणजे लेखकाने स्वतःच्या वेबसाइटवर ते फुकट ठेवलंय, अगदी अधिकृतपणे, त्यामुळे नाही आवडलं तर बंद करून टाका, खिशातनं काही गेलं नाही. मी स्वतः एवढा शहाणपणा केला नव्हता. मी डायरेक्ट द वे ऑफ किंग्ज उघडलं, हजारेक पानांचा ठोकळा, दीडशे पानं झाली तरी कोण कुणाचा कोण कळेना, ठेवून दिलं ते वर्षभर तसंच धूळ खात पडलं.

कॉस्मेअर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो म्हणजे तो विषय संपेल. सँडरसनच्या बऱ्याच कादंबऱ्या वेगवेगळ्या ग्रहांवर घडतात पण ग्रह सगळे एकाच विश्वातले. फार पूर्वी अ‍ॅडोनाल्सियम नावाची एक शक्ती होती, तिचे १६ तुकडे झाले, त्यांना शार्ड म्हणतात, आणि ग्रहाग्रहावरच्या वेगवेगळ्या जादूचं मूळ या शार्डांपाशी जातं. बास. आणि यातलं एक अक्षर माहीत नसलं तरी वॉरब्रेकर व्यवस्थित समजतं.

आता प्रत्यक्ष वाचायचं कसं. ग्रहाचं नाव नाल्थिस. इड्रिस नावाचं डोंगरातलं साधंसुधं राज्य, तिथे भडक रंग म्हणजे जवळजवळ पापच, आणि खाली हॅलँड्रेन, जिथे रंगांची नुसती उधळण. तहाप्रमाणे इड्रिसच्या राजाने एक मुलगी हॅलँड्रेनच्या देव-राजाला द्यायची असते, थोरली विव्हेना जन्मभर त्याचीच तयारी करत आलेली, आणि ऐनवेळी बाप पाठवतो धाकट्या सिरीला, जिची काहीच तयारी नाही. सुरुवातीला तुम्ही सिरीचं बोट धरून चाला. तिलाही दरबारातलं काही कळत नसतं, तुम्हालाही नसतं, त्यामुळे माहिती दोघांना बरोबरच मिळत जाते. मी पहिल्यांदा वाचताना नावांची यादी करायला घेतली होती, तिसऱ्या प्रकरणात सोडून दिली, गरजच पडली नाही.

जादू मात्र नीट समजून घ्या कारण सगळं कथानक तिच्यावर उभं आहे, आणि खरं सांगायचं तर मजाही तिथेच आहे. प्रत्येक माणूस एक श्वास घेऊन जन्माला येतो, श्वास म्हणजे नाकातला नव्हे, प्राणाचा एक अंश समजा. तो दुसऱ्याला देता येतो, विकता येतो, फक्त देणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने बोलून द्यावा लागतो, हिसकावून घेता येत नाही. ज्याच्याकडे उरत नाही त्याला ड्रॅब म्हणतात, त्याला जग जरा फिकंच दिसतं. उलट जसजसे श्वास जमतात तसतशा पायऱ्या चढतात, साधारण ५० झाले की पहिली, २०० ला स्वर अचूक ओळखता येतात, ६०० ला रंगाची बारीकातली बारीक छटा कळते, २००० च्या आसपास वय वाढायचंच थांबतं. मग श्वास ओतून, तोंडाने हुकूम देऊन निर्जीव वस्तू हलवायची, आणि त्यासाठी आसपासच्या कशाचा तरी रंग खर्ची पडतो, ती वस्तू करडी होऊन जाते. प्रोलॉगमध्येच व्हॅशर नावाचा माणूस तुरुंगात गवताचा बाहुला करून त्याला किल्ल्या आणायला पाठवतो. तो प्रसंग सावकाश वाचा, गडबड करू नका, सगळे नियम तिथे डोळ्यासमोर घडताना दिसतात.

आता जरा विचार करा, गरिबाच्या घरात पैसे संपले की विकायला काय उरतं? आणि मेल्यावर परत आलेले जे लोक तिथे देव म्हणून राजवाड्यात ठेवलेत त्यांना जगायला आठवड्याला एक श्वास लागतो, तो कुठून येत असेल? पुस्तकातलं राजकारण कळायला हे दोन प्रश्न डोक्यात ठेवले तरी पुष्कळ आहे.

लाइटसाँग हा असाच एक देव, ज्याचा स्वतःच्या देवपणावरच विश्वास नाही. त्याची प्रकरणं पहिल्यांदा टाइमपास वाटतील, नुसता लोळतोय, पुजाऱ्याची फिरकी घेतोय, काहींना कंटाळा पण येतो आणि ते पानं गाळतात. गाळू नका हो! या पुस्तकात विनोद फुकट नाहीयेत, कुणाच्याही तोंडचे असोत, एवढंच सांगतो, याच्या पुढे बोललो तर स्पॉयलर होईल.

विकी उघडायची नाही. पुन्हा सांगतो, विकी उघडायची नाही. मी एका पात्राच्या नावाचं स्पेलिंग बघायला गेलो आणि पहिल्याच ओळीत त्या माणसाची अख्खी कुंडली, शेवटच्या भागातला धक्का गेला तो गेलाच. अडलंच तर पुस्तकाच्या शेवटी आर्स आर्कॅनम नावाचं परिशिष्ट आहे, त्यात वर सांगितलेल्या पायऱ्यांचा तक्ता आहे, साधारण एक तृतीयांश पुस्तक झालं की तो बघा. लेखकाने प्रत्येक प्रकरणावर लिहिलेल्या टिपा पण त्याच्या साइटवर आहेत, फार छान आहेत, पण त्या दुसऱ्या वाचनाला.

मोठ्या विश्वाची एकच खूण पहिल्या वाचनात शोधा. मध्ये कुठेतरी गोष्ट सांगणारा एक माणूस येतो, बोलता बोलता मुठीतनं वाळू, रंगीत भुकटी असं काय काय सोडत जातो, नाव होइड. हा गडी सँडरसनच्या जवळपास प्रत्येक कॉस्मेअर कादंबरीत कुठे ना कुठे उगवतो, वेगळा ग्रह, वेगळा अवतार. नाव लक्षात ठेवा आणि पुढे चला.

संपल्यावर काय? मिस्टबॉर्नची पहिली तीन, २००६, २००७, २००८, त्याच क्रमाने. मग स्टॉर्मलाईट मालिकेतलं पहिलं, म्हणजे द वे ऑफ किंग्ज घ्या, आता जड जाणार नाही. त्यानंतरचं वर्ड्स ऑफ रेडियन्स वाचायच्या आधी वॉरब्रेकर झालेलं असलं पाहिजे, हा एक क्रम मात्र मी हट्टाने पाळायला लावतो, कारण विचारू नका, वाचताना स्वतःच खुर्चीतनं उठाल. एजडान्सर ही छोटी कादंबरी वर्ड्स ऑफ रेडियन्स आणि ओथब्रिंगरच्या मध्ये, डॉनशार्ड ही ओथब्रिंगर आणि ऱ्हिदम ऑफ वॉरच्या मध्ये. मिस्टबॉर्न सीक्रेट हिस्टरी निदान पहिली तीन झाल्याशिवाय नाही, धीर असेल तर मिस्टबॉर्नचंच सहावं, द बँड्स ऑफ मोर्निंग झाल्यावरच. द सनलिट मॅन पातळ दिसतं म्हणून आधी उचलू नका, स्टॉर्मलाईट झाल्यावर वाचा. ट्रेस ऑफ द एमराल्ड सी मात्र कधीही चालेल. आणि स्कायवर्ड, रेकनर्स वगैरे कॉस्मेअरमध्ये येतच नाहीत, रॉबर्ट जॉर्डनच्या व्हील ऑफ टाइम मालिकेचे शेवटचे तीन भाग सँडरसनने पूर्ण केले ते पण नाही, तिथे होइडला शोधत बसू नका, माझ्या एका मित्राने अख्खा महिना त्यात घालवलाय.

वॉरब्रेकर मिटलं की लगेच प्रोलॉग परत वाचा. तोच तुरुंग, तोच गवताचा बाहुला, पण व्हॅशर आणि त्याच्याजवळची ती तलवार, दोघांबद्दल आता तुम्हाला इतकं माहीत असतं की त्यातली निम्मी वाक्यं नवीनच वाटतात.