आपल्याच गल्लीतल्या कुटुंबांचा अभ्यास कसा करायचा (प्रोजेक्टवाल्यांसाठी)

दिवाळी झाली की समाजशास्त्राच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, कुटुंबावर प्रोजेक्ट मिळालंय, तयार प्रश्नावली आहे का. आणि जी प्रश्नावली सगळीकडे फिरत असते तिच्यात पहिलाच प्रश्न ठरलेला, "आपले कुटुंब एकत्र आहे की विभक्त?" खाली दोन चौकोन. पन्नास घरं फिरायची, टिका मारायच्या, पाय चार्ट काढायचा आणि शेवटी लिहायचं की शहरीकरणामुळे एकत्र कुटुंबपद्धती लोप पावत आहे. अरे हे तर घराबाहेर पाऊल न टाकता लिहिता येतं, गाइडात छापलेलंच आहे. तेव्हा आधी तो प्रश्न खोडा.

त्याच्या जागी काय घ्यायचं? मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी १९५३ साली आपल्याकडच्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची व्याख्या दिली ती सगळ्यांनी पाठ केलेली असते: साधारणपणे एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं खाणारी, मालमत्ता सामाईक असलेली, देवधर्म एकत्र करणारी आणि एकमेकांशी ठरावीक नात्याने बांधलेली माणसं. परीक्षेत ही व्याख्या लिहून लोक मोकळे होतात, पण तिचा खरा उपयोग तिचे तुकडे करण्यात आहे. वहीत चार रकाने आखा, छप्पर, चूल, मालमत्ता, देव. पाचवा मी माझ्याकडून घालते, आजारपण, म्हणजे रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर फोन कुणाला जातो. आता प्रत्येक घराला हे पाच प्रश्न वेगवेगळे विचारा आणि बघा गंमत.

कोकणातलं कुठलंही घर घ्या. थोरला गावात, मधला डोंबिवलीला, धाकटा पुण्यात. छपरं तीन, चुली तीन. पण सातबारावर तिघांची नावं सामाईक खात्यात, आंब्याच्या कलमांचे पैसे येतात ते गावच्या घराच्या डागडुजीला जातात, गणपती एकच आणि तो मूळ घरातच, त्यासाठी चाकरमानी रेल्वेचं रिझर्व्हेशन मिळवायला कसली कसली धडपड करतो ते सांगायला नको. म्हातारीला ऑपरेशनला आणलं मुंबईला, मधल्याकडे, खर्च तिघांत. आता हे कुटुंब एकत्र की विभक्त? चौकोनवाल्या प्रश्नाला तिघेही भाऊ "विभक्त" सांगतील आणि गावात म्हातारीला विचाराल तर ती म्हणेल आमचं सगळं एकत्रच आहे. दोघंही खरंच बोलतायत. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाईंनी गुजरातमधल्या महुव्याचा अभ्यास केला तेव्हा नेमकं हेच धरलं होतं, राहणं वेगळं झालं म्हणजे एकत्रपण संपलं असं नाही, ते कमी-जास्त असतं, तेव्हा किती आहे ते मोजा.

माणसं मोजायची पद्धत. "घरात किती जण?" असं विचारू नका. लोक मनातलं घर सांगतात, कुणी दुबईतल्या मुलाला धरतं, कुणी वर्षभर घरातच राहणाऱ्या मेव्हण्याला धरत नाही. त्यापेक्षा विचारा, काल रात्री इथे कोण कोण जेवलं? आणि लगेच पुढचं, जेवायला नव्हते पण या घरचेच, असं कोण कोण आणि ते कुठे आहेत? आपल्या जनगणनेतही कुटुंब धरायची खूण सामाईक स्वयंपाकघर हीच आहे, म्हणजे ही काही माझ्या डोक्यातली युक्ती नाही. आणि तारीख लिहाच लिहा, निदान महिना तरी. बीडकडच्या ऊसतोडीच्या गावात डिसेंबरात गेलात तर घराघरात आजी, आजोबा आणि शाळेतली नातवंडं दिसतील, कारण मधली पिढी पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, साखर कारखान्यांच्या उसाच्या फडात असते. त्याच घरात मे महिन्यात जा, भरलेलं घर. तिथे मुकादम उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) देतो तीही बहुतेक जोडीला, नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे लग्न ही तिथे मजुरी मिळवायचीसुद्धा अट होऊन बसते आणि पोरापोरींची लग्नं लवकर उरकण्यामागे हेही एक कारण असतं. हे सगळं "कुटुंबाचा आकार: ३" असं लिहिलं की गायब.

वंशावळ काढणं सगळ्यांना किचकट वाटतं पण दहा मिनिटांचं काम आहे. पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल, लग्नाला बरोबरचं चिन्ह, मुलांसाठी खाली रेघ, भावंडं आडव्या रेघेवर, वारलेल्यांवर तिरकी रेघ. सुरुवात बोलणाऱ्या माणसापासून करा, खापरपणजोबांपासून नको, नाहीतर पुरुषांच्या नावांची माळ तयार होते आणि बायका "अमक्याची बायको" एवढ्याच उरतात. पुरुष सांगत असेल तर लग्न होऊन गेलेल्या बहिणी हमखास सुटतात, लहानपणी गेलेली भावंडं सुटतात, पहिली बायको सुटते. म्हणून मुद्दाम विचारायचं, "आणि मुली?" नातं लिहिताना काका, मामा, चुलत, मावस, आते, मामे जसं सांगितलं तसंच लिहा, सगळ्यांना कझिन करून टाकू नका. आपल्याकडे बऱ्याच समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं आणि चुलत बहिणीशी कुणी स्वप्नातही करणार नाही, हा एवढा मोठा फरक कझिन या एका शब्दात बुडून जातो.

आता काळ. कुटुंब हा फोटो नसतो. आज दोघंच राहणारं जोडपं दहा वर्षांपूर्वी सासू-सासऱ्यांबरोबर असेल आणि पाच वर्षांनी मुलगा-सून-नातू येऊन परत तीन पिढ्या होतील, म्हणून "पूर्वी घरात कोण होतं" हे विचारायचंच. पण साल विचारलं की लोक गोंधळतात. त्याला उपाय म्हणजे मोठ्या घटना धरायच्या. लातूर-धाराशिवकडे किल्लारीच्या भूकंपाच्या आधी की नंतर (सप्टेंबर १९९३), लालबाग-परळला गिरणी संपाच्या आधी की नंतर (जानेवारी १९८२), मुंबईत २६ जुलैचा पाऊस, म्हाताऱ्यांना ७२ चा दुष्काळ, आणि आता सगळ्यांनाच लॉकडाऊन. यावरून गोष्टी भराभर बाहेर येतात. गिरणगावात तर जुनी माणसं सांगतील की एका खोलीत गावाकडचे पंधरा-वीस बाप्ये पाळ्यांवर झोपायचे, जेवायला खाणावळ, बायकापोरं गावाला. म्हणजे ज्याला आपण जुनं गोडगुलाबी एकत्र कुटुंब म्हणतो त्याच्या काळातच नवरा एकीकडे नि बायको एकीकडे अशी घरं ढिगाने होती. समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहांनी तर गुजरातेतल्या एका गावाच्या १८२५ च्या नोंदी काढून दाखवलं की तेव्हाही लहान घरं भरपूर होती. पूर्वी सगळे एकत्रच राहायचे हे वाक्य कुणी बोललं की प्रेमाने विचारायचं, पूर्वी म्हणजे कधी, आणि कुणाच्यात.

कागद बघायला मिळाले तर सोनं. रेशनकार्ड कधी वेगळं केलं ही तारीख चूल वेगळी झाल्याच्या तारखेच्या कितीतरी पुढे किंवा मागे असते, कधी फक्त कार्ड वेगळं आणि जेवण एकत्र. सातबारा आणि फेरफारात बघा बहिणींची नावं आहेत का. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हिस्सा दिला, पण हक्कसोड पत्र (बहिणीने आपला हिस्सा सोडल्याचा कागद) हा शब्द प्रत्येक गावात माहीत आहे आणि सही केल्यावर भावाने दिलेली साडीही माहीत आहे.

मला सगळ्यात आवडणारा कागद म्हणजे लग्नपत्रिका. फुकट मिळते, कुणी लपवत नाही, आणि तिच्यात अख्खं घराणं मांडलेलं असतं. "आमचे येथे श्रीकृपेकरून" च्या खाली निमंत्रक कोण, फक्त आई-वडील की वारलेल्या आजोबांच्या नावापासून सुरुवात? आई एकटी असेल तर तिचं नाव छापलंय की काकाचं? विधवेच्या नावामागे श्रीमती की अजून गं. भा.? माहेरी परत आलेल्या मुलीचं नाव कुठल्या रांगेत आणि कुठल्या आडनावाने? खाली "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांत मुलींची मुलं आहेत का? एकाच घरातली पंचवीस वर्षांपूर्वीची आणि आत्ताची पत्रिका शेजारी ठेवा, प्रोजेक्टचं एक प्रकरण तिथेच झालं. मी पाहिलेल्या एका पत्रिकेत मुलीचे सख्खे वडील आणि आईचा दुसरा नवरा दोघांची नावं होती, दोन वेगळ्या ओळींत, मधे आईचं नाव, आणि फॉन्ट तिघांचा एकाच मापाचा. त्या तीन ओळींसाठी घरात किती बैठका झाल्या असतील देव जाणे.

आता ज्या घरांना प्रश्नावलीत चौकोनच नसतो त्यांच्याबद्दल. एकटी आई, एकट्याने दत्तक घेतलेलं मूल, न लग्न करता राहणारं जोडपं, दोन बायका किंवा दोन पुरुष एकत्र राहणारे, गुरू-चेल्याच्या नात्याने चालणारं तृतीयपंथीयांचं घर. यांना "इतर" मध्ये टाकू नका, तेच पाच प्रश्न विचारा. चूल एक, आजारपणात फोन एकमेकांनाच, पण मालमत्तेच्या रकान्यात कायदा आडवा येतो, हा फरक आपोआप दिसेल. सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या एका निकालात म्हटलं होतं की लग्नाशिवायची किंवा समलिंगी नात्यांतली घरंही कुटुंबच असू शकतात, आणि २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला मात्र नकार दिला, ते संसदेवर सोडलं. वंशावळीत अशा नात्याला तुटक रेघ चालते. पुण्यात ज्येष्ठांमध्येही लिव्ह-इनने राहणारे आहेत, तिथे खोदलंत तर प्रेमाबिमापेक्षा जास्त वेळा दोन गोष्टी निघतात, पेन्शनचं काय होईल आणि मुलांच्या वाट्याचं काय. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आला आहे, त्यावर सासूचं आणि सुनेचं मत वेगवेगळं घ्या. वेगवेगळं म्हणजे एकमेकींसमोर अजिबात नाही.

त्यावरून आठवलं, विचारायचं कसं. सुनेशी बोलायचं तर हॉलमध्ये सोफ्यावर नको, ओट्यापाशी उभं राहून भाजी निवडता निवडता बोला, आणि ती म्हणाली नंतर सांगते तर खरंच नंतर जा. "वेगळे का झालात?" हा प्रश्न तोंडातून काढू नका, उत्तर एकच येतं, "जागा कमी पडत होती." त्याऐवजी विचारा वेगळं झाल्यावर कढई कुणाकडे गेली, देव कुणाकडे गेले, गॅसचं कार्ड कुणाच्या नावावर राहिलं. वस्तूंवरून भांडणही कळतं आणि माया पण. फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुप किती आहेत हे विचाराच, एक सगळ्यांचा असतो आणि एक जावयांना सोडून.

परवानगी आधी, नावं बदलून, आणि नुसती नावं बदलून भागत नाही, बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर घटस्फोटित बाई एकच असेल तर मजलाही बदला. रेकॉर्डिंग करायचं तर विचारून. लग्नपत्रिकेचा फोटो प्रोजेक्टमध्ये चिकटवू नका, मजकूर लिहून घ्या.

लिहिताना पन्नास घरांपेक्षा बारा घरं नीट करा, प्रत्येकाला एक पान, वर वंशावळ, खाली पाच रकाने, आणि त्या घरचं एक वाक्य जसंच्या तसं. टक्केवारी काढू नका, बारा घरांची टक्केवारी काढली की परीक्षक व्हायवात तिथेच पकडतात. सर अडून बसले की एकत्र-विभक्तचा तक्ता हवाच, तर तक्ता द्या, पण पाच द्या, प्रत्येक रकान्याचा एक.