'पॅरानॉइड' पहिल्यांदा ऐकायचाय? पनवेल लोकल पकडा

ब्लॅक सबाथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा 'पॅरानॉइड' हा अल्बम ऐकायचाय पण कसा, कुठून सुरू करू असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी लिहितोय, ज्यांना तोंडपाठ आहे त्यांनी चुका काढायला वाचा. अल्बम सप्टेंबर 1970 चा, आठ गाणी, साधारण 42 मिनिटं. ठाण्याहून पनवेल लोकलला पन्नासेक मिनिटं लागतात, म्हणजे एका बैठकीत होतो. ऑफिसच्या गर्दीत नको, दुपारची पकडा.

आधी फोन नीट करा. शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) बंद, आणि तो बास बूस्ट तर पहिला बंद, कारण बँडच्या गीझर बटलरचा बास गिटार मुळातच एवढा पुढे आहे की अजून वाढवला तर सगळा नुसता गदारोळ ऐकू येतो. जादा गाण्यांची डीलक्स एडिशन लागली असेल तर आठव्या गाण्यानंतर थांबायचं. आणि इअरफोन दोन्ही कानात, एक मित्राला द्यायचा नाही, का ते सांगतोच.

आता लोकलच का, घरी का नाही? एक तर घरी दुसऱ्या मिनिटाला "आवाज कमी कर" ऐकू येणार. पण खरं कारण ऐरोली-रबाळेचा पट्टा. एमआयडीसीच्या शेड, पत्रे, धुराडी बघत हे संगीत ऐकलं की ते आलं कुठून ते कळतं. ही चौघं पोरं बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली, कामगारवस्तीतली. गायक ओझी ऑस्बर्नने कत्तलखान्यात काम केलं, गाड्यांचे हॉर्न जुळवायचं पण केलं. आणि गिटारिस्ट टोनी आयोमी शीट मेटलच्या (पत्र्याच्या) फॅक्टरीत. सतरा वर्षांचा, कामाचा शेवटचा दिवस, जेवायला घरी आला तो परत जायलाच तयार नव्हता, आई म्हणाली जा, काम पूर्ण करून ये. गेला आणि प्रेसखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो! वागळे इस्टेटच्या प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलेल्या कुठल्याही काकांना विचारा, पॉवर प्रेस काय असतो ते त्यांचे हातच सांगतील. पुढे फॅक्टरीतल्याच वरिष्ठाने त्याला जॅझ गिटारिस्ट जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, तोही दोन बोटांवर गिटार वाजवणारा. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं आणि हलक्या तारा लावल्या. हे डोक्यात ठेवून ऐका, प्रत्येक रिफ (गिटारची परत परत येणारी धून) वेगळी लागते.

गाडी सुटली की 'वॉर पिग्ज'. भोंगा वाजतो, मग मध्येच सगळे गप्प, फक्त हायहॅट (ड्रमच्या झांजा) आणि ओझीचा आवाज, त्या गप्प जागा मोजा, गाण्याची खरी ताकद तिथे आहे. ज्यांना अजून हे सैतानाचं संगीत वाटतं त्यांनी शब्द ऐका, युद्ध पुकारणाऱ्या आणि गरिबांची पोरं मरायला पाठवणाऱ्या लोकांवर आहे सरळ सरळ. शेवटी टेप पळवलीय, तुमचा फोन बिघडलेला नाही.

अल्बमचं नाव पण 'वॉर पिग्ज'च ठरलं होतं, म्हणून कव्हरवर तो तलवार-ढालवाला माणूस. 'पॅरानॉइड' गाणं तर अल्बम कमी पडतोय म्हणून घाईत केलेलं, तीन मिनिटं पण नाही, आणि तेच सगळ्यात गाजलं. त्यातला गिटारचा सोलो एका कानात साफ आणि दुसऱ्या कानात खरखरीत, फाटलेला येतो. म्हणून दोन्ही इअरफोन.

'प्लॅनेट कॅरव्हॅन' हळू आहे म्हणून पुढे ढकलू नका प्लीज. ओझीचा आवाज लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून काढलाय, ड्रमर बिल वॉर्डने काँगा (हाताने वाजवायचे उंच ढोल) वाजवलेत, पाण्याखालून ऐकतोय असं वाटतं. इथे आवाज थोडा वाढवा आणि लगेच कमी करायची तयारी ठेवा, कारण पुढे 'आयर्न मॅन'. नुसता किक ड्रम, पथकाच्या प्रॅक्टिसला सगळे थांबलेत आणि एकच ढोल चालूय तसा, मग गिटारची तार ताणून काढलेला तो कण्हणारा सूर.

रेकॉर्डची दुसरी बाजू, म्हणजे शेवटची चार गाणी, लोकांना कमी माहीत असते, मला जास्त आवडते. 'इलेक्ट्रिक फ्युनरल' अणुयुद्धावर, वा-पेडलमुळे (पायाने सूर 'वा-वा' करायचं यंत्र) गिटार अक्षरशः वितळते. 'हँड ऑफ डूम' व्हिएतनामहून व्यसन घेऊन परतलेल्या सैनिकांवर, बासवर हळूच सुरू होतं आणि मग अंगावर येतं, अख्ख्या अल्बममधलं माझं नंबर एक. 'रॅट सॅलड'मध्ये शब्द नाहीत, वॉर्डचे ड्रम ऐका, हा माणूस जॅझ ऐकून वाढलाय, म्हणून एवढं जड असूनही सगळं डुलतं. नंतर आलेल्या कित्येक मेटल बँडांनी नेमकं तेवढंच सोडून दिलं असं माझं मत, भांडायचं तर भांडा.

'फेअरीज वेअर बूट्स' संपलं की लगेच दुसरं काही लावू नका, ऑटोप्ले पण बंद ठेवा. पुढचा अल्बम 1971 चा 'मास्टर ऑफ रिॲलिटी', पण तो दुसऱ्या दिवशी, कारण त्यातल्या काही गाण्यांत आयोमीने तारा सैल करून गिटार दीड सूर खाली उतरवलीय, एकाच दिवशी दोन्ही ऐकलेत तर तो फरक कानाला नीट लागणार नाही.