सांगलीत राहून कॉफीचा पारखी कसे व्हावे

सांगलीच्या बाजारात हळदीचा मुरलेला व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो आणि मगच भाव बोलतो. स्पेशालिटी कॉफीच्या तज्ज्ञाचे काम याच जातीचे आहे. फरक इतकाच, की त्याला आपला निर्णय गुणपत्रिकेवर लिहून द्यावा लागतो आणि तोच नमुना नाव झाकून पुन्हा समोर आला, तर जवळपास तेवढेच गुण द्यावे लागतात. १०० पैकी ८० किंवा अधिक गुण मिळवणारी कॉफी ती स्पेशालिटी, ही या व्यवसायातील रूढ मोजपट्टी आहे.

या क्षेत्रात येऊ पाहणारे अनेक जण आधी एस्प्रेसो यंत्राची किंमत विचारतात किंवा दुधाच्या फेसावर पान काढायला शिकतात. ही कला बरिस्ताला, म्हणजे कॅफेत कॉफी बनवून देणाऱ्याला, उपयोगी पडते. चव पारखण्याशी तिचा फारसा संबंध नाही. सुरुवात कपिंगने, म्हणजे ठरावीक पद्धतीने वाटीत कॉफी भिजवून चाखण्याने, करावी. त्यासाठी ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत वजन दाखवणारा काटा, हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर आणि एकसारख्या पाच वाट्या पुरतात. दर १५० मिलिलिटर पाण्याला ८.२५ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी घ्यावी, सुमारे ९३ अंश सेल्सियसचे पाणी ओतावे, चार मिनिटांनी नाक वाटीजवळ नेऊन चमच्याने वर जमलेली चुऱ्याची साय मोडावी, फेस काढून टाकावा आणि कॉफी थोडी निवल्यावर चमच्याने भुरका मारावा. एरवी आवाज करत पिणे असभ्य मानले जाते, परंतु येथे तो आवाज आवश्यक आहे. कारण त्यामुळे द्रव तोंडभर फवारला जातो आणि गंध नाकाच्या मागच्या बाजूने पोहोचतो. कॉफी थंड होत जाते तसे तिचे दोष उघडे पडतात, म्हणून शेवटचा घोट घेण्याची घाई करू नये.

पुढची पायरी त्रिकोण चाचणीची. घरातील कोणाला तरी तीन वाट्या मांडायला सांगाव्यात. दोन वाट्यांत एकच कॉफी, तिसरीत वेगळी. वेगळी वाटी ओळखता येईपर्यंत गुण देण्याचा विचारही करू नये.

कॉफीतील चवींना नावे देणाऱ्या प्रचलित चक्राकार तक्त्यात ब्लूबेरी आणि मेपल सिरप आहेत. जे कधी चाखले नाही, ते वहीत लिहू नये. जांभूळ, चिंच, काकवी, तासगावचा बेदाणा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी या आपल्या जिभेच्या ठेवी आहेत. लिंबातील सायट्रिक, चिंचेतील टार्टारिक आणि सफरचंदातील मॅलिक या आम्लांचा आंबटपणा वेगवेगळा लागतो. तो भेद आधी फळांतच पक्का करावा. पाण्याकडेही लक्ष हवे. बोअरच्या जड पाण्यात आंबटपणा दबतो, तर आरओचे अगदी क्षारहीन पाणी कॉफी सपक करते. दर लिटरला सुमारे १५० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेले पाणी योग्य समजले जाते.

औपचारिक शिक्षणासाठी केंद्र सरकारच्या कॉफी बोर्डाचा कॉफी गुणवत्ता व्यवस्थापनाचा एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम मला सर्वांत भक्कम वाटतो. त्याचा पहिला टप्पा चिक्कमगळूरू जिल्ह्यातील बाळेहोन्नूर येथील केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेत आणि पुढचा बेंगळुरूत होतो. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, अन्नतंत्रज्ञान, कृषी अशा विषयांतील पदवी लागते आणि निवडीच्या वेळी मुलाखतीबरोबर चवीची परीक्षाही होते. घरच्या वाट्या तेथे कामी येतात. क्यू ग्रेडरची, म्हणजे कॉफीला गुण देणाऱ्या प्रमाणित पारख्याची, आंतरराष्ट्रीय परीक्षा मात्र खर्चीक असल्याने दोन-तीन वर्षांच्या नियमित कपिंगनंतरच द्यावी.

सांगलीत या कामाच्या नोकऱ्या जवळपास नाहीत, हे आधीच मान्य करावे. त्या पुणे, मुंबई, बेंगळुरू येथील रोस्टरांकडे (कॉफी भाजून विकणाऱ्यांकडे), कर्नाटकातील मळ्यांवर आणि निर्यातदारांकडे आहेत. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरू एका रात्रीचा प्रवास आहे. अरेबिका या कॉफीच्या जातीची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी चालते. त्या काळात काही आठवडे मळ्यावर राहून फळ तोडणे, वाळवणे आणि ३५० ग्रॅम हिरव्या बियांच्या नमुन्यातून काळे, आंबलेले, किडके दाणे निवडणे शिकावे. सुपात धान्य निवडलेल्या हातांना हे काम लवकर जमते.

कपिंगच्या दिवशी तंबाखू, अत्तर आणि मसालेदार खाणे वर्ज्य. सांगलीकराला यात सर्वांत जड जाते ते भडंग सोडणे. पण लसूण आणि तिखट जिभेवर असताना दिलेले गुण सरळ खोडून टाकावेत आणि तो नमुना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चाखावा.